मातृत्वाचा एक निकाल आणि त्याची फेरतपासणी



आपल्या भाषेत काही शब्द असे आहेत की ते उच्चारताच एखाद्या माणसाविषयीचा निकाल लागून जातो. 'वांझ' हा त्यांपैकी एक. ज्या बाईला हा शब्द चिकटला तिची ओटी भरताना हात आखडतो, डोहाळजेवणाच्या वेळी ती आपण होऊनच मागे सरते, आणि दोष कोणाचा, कशाचा, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. वैद्यकशास्त्र असे शब्द वापरीत नाही. ते आकडे वापरते. परंतु आकड्यांनीही निकाल लागतो, आणि तो छापील असल्यामुळे अधिक पक्का वाटतो. आज ज्या आजाराचा इतिहास मी आपणांस सांगणार आहे, त्याने पीडित असलेल्या स्त्रियांविषयी असाच एक निकाल १९८७ साली छापून आला, आणि पुढे बावीस वर्षांनी तो बदलावा लागला. तो का दिला गेला आणि का बदलला, हे समजून घेण्यासाठी आपल्याला काळाच्या थोडे मागे, आणि शरीराच्या थोडे आत, जावे लागेल.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली एकेक लहानशी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. वजनाने ती जेमतेम चार-पाच ग्रॅमची. इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ एउस्ताकी यांनी सोळाव्या शतकात तिचे वर्णन करून ठेवले. परंतु ती तेथे कशासाठी आहे, हे पुढे जवळजवळ तीनशे वर्षे कोणालाही सांगता आले नाही. १८५५ साली लंडनच्या गायज रुग्णालयातील डॉक्टर टॉमस ॲडिसन यांनी काही विलक्षण रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. ही माणसे दिवसेंदिवस क्षीण होत जात, त्यांची कातडी काळवंडे, आणि अखेरीस ती मरण पावत. मृत्यूनंतर तपासले असता त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी नष्ट झालेल्या आढळल्या. दुसऱ्याच वर्षी फ्रान्समध्ये ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या या ग्रंथी काढून पाहिल्या. ते प्राणी जगले नाहीत. एवढ्याशा ग्रंथीवाचून जीव राहत नाही, ही गोष्ट अशा रीतीने प्रथम सिद्ध झाली.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १८६५ साली, नेपल्स येथील लुइजी दे क्रेकिओ यांनी एका शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मृत व्यक्ती सर्वांच्या दृष्टीने पुरुष होती. पुरुष म्हणूनच तिने सारे प्रौढ आयुष्य घालविले होते. शरीर उघडल्यावर मात्र आत गर्भाशय आढळले, अंडाशय आढळले, आणि दोन्ही अधिवृक्क ग्रंथी असाधारण वाढलेल्या आढळल्या. या माणसाचा मृत्यू वांत्या, जुलाब आणि पराकाष्ठेची ग्लानी यांनी झाला होता. आज वैद्यकाचा विद्यार्थी हा वृत्तांत वाचताच रोगाचे नाव सांगेल: जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी, म्हणजेच काँजेनिटल ॲड्रीनल हायपरप्लेझिया. पण १८६५ साली ती केवळ एक नवलाची गोष्ट होती. त्या माणसाने आयुष्यभर काय सोसले असेल, याची नोंद कोणी ठेवली नाही.

आता अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी येऊ. तेथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लॉसन विल्किन्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. साडेतीन वर्षांच्या एका मुलाची कथा त्यांनी आणि कर्ट रिक्टर यांनी १९४० साली प्रसिद्ध केली. या मुलाला मिठाचे अनावर वेड होते. तो मीठ चाखत नसे, खात असे. त्याला जे पहिले मोजके शब्द बोलता येऊ लागले, त्यांत 'मीठ' हा शब्द होता. त्याच्या शरीरात वयाला न शोभणारी प्रौढपणाची चिन्हेही दिसू लागली होती. तपासणीसाठी त्याला रुग्णालयात ठेवले आणि इतर मुलांना मिळणारे साधे अन्न देऊ केले. आठवडाभरात तो मुलगा दगावला. मीठ हेच त्याचे औषध होते, आणि ते त्याने स्वतःच शोधून काढले होते. त्याच्या अधिवृक्क ग्रंथींना शरीरातील मीठ राखता येत नव्हते. जेवढे बाहेर जाई तेवढे तो खाऊन भरून काढीत होता. विल्किन्स यांच्या मनाला या मृत्यूने जो चटका लावला असेल, तो त्यांच्या पुढील कार्यातून दिसून येतो.

हा आजार घडतो तरी कसा? आपल्याकडे पाटाच्या पाण्यावर बागाईत करणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगणे सोपे जाईल. पाट एकच असतो. त्यातून तीन वाफ्यांना पाणी द्यावयाचे असते. अधिवृक्क ग्रंथीही कोलेस्टेरॉल या एकाच द्रव्यापासून तीन प्रकारची संप्रेरके तयार करते. पहिले कॉर्टिसॉल, आजारपण, उपवास, आघात अशा प्रसंगी ते शरीराला तगवून धरते. दुसरे अल्डोस्टेरॉन, ते मीठ राखते. तिसरा प्रकार पुरुषी संप्रेरकांचा. ती स्त्रियांच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतात. पहिल्या दोन वाफ्यांकडे जाणाऱ्या वाटेवर एका एन्झाइमची गरज लागते. एकवीस-हायड्रॉक्सिलेज हे त्याचे नाव. हे एन्झाइम जन्मतःच सदोष असेल, तर त्या दोन वाफ्यांची वाट तुंबते आणि सारे पाणी तिसऱ्या वाफ्यात शिरते. इकडे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीला कॉर्टिसॉल कमी पडते एवढेच कळते. ती पाणी सोडा, आणखी सोडा, असा हुकूम देत राहते. अधिवृक्क ग्रंथी राबून राबून सुजते, आणि तिसरा वाफा अधिकच तुडुंब भरतो.

असे बालक मुलगी असेल, तर पुरुषी संप्रेरकांच्या या लोंढ्यामुळे तिची बाह्य जननेंद्रिये जन्माच्या वेळीच काहीशी मुलासारखी दिसतात. आत गर्भाशय आणि अंडाशय मात्र पूर्णपणे जागच्या जागी असतात. मीठही राखता येत नसेल, तर ते बालक पहिल्या काही आठवड्यांतच धोक्यात येते. आईबाप दोघेही या दोषाचे वाहक असले, स्वतः निरोगी असले तरी, त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याचा संभव चारात एक असतो. यात आईने गरोदरपणी काय खाल्ले, ग्रहण पाहिले की नाही, याचा काडीमात्र संबंध नाही.

१९५० पूर्वी यावर इलाज नव्हता. ग्रंथीचा काही भाग कापून काढण्याचे प्रयत्न झाले. त्यांतून फारसे हाती लागले नाही. मुली अकाली वाढून अकाली खुंटत, त्यांना ऋतुप्राप्ती होत नसे, आणि मातृत्वाचा प्रश्न उद्भवतच नसे. मग १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका रोग्याला कॉर्टिझोन दिले, आणि वैद्यकात एक नवे पर्व सुरू झाले. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना याच संशोधनासाठी मिळाले. परंतु त्याच वर्षी बाल्टिमोरात विल्किन्स यांनी हेच औषध आपल्या या उपेक्षित रोग्यांना देऊन पाहिले. त्यांचा तर्क साधा होता. जे कमी पडते ते बाहेरून पुरवावे, म्हणजे पियूषिका ग्रंथीचे हुकूम थांबतील, आणि हुकूम थांबले की लोंढाही ओसरेल. तर्क खरा ठरला. लघवीतून बाहेर पडणाऱ्या पुरुषी संप्रेरकांच्या अवशेषांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. बॉस्टन येथे फ्रेडरिक बार्टर आणि फुलर ऑलब्राइट यांच्या गटानेही सुमारास हाच अनुभव घेतला. ज्यांना कधी ऋतुप्राप्ती होणार नाही असे धरून चालले होते, अशा मुलींना आणि तरुणींना मासिक पाळी येऊ लागली. आणि काही वर्षांतच या आजाराच्या स्त्रिया माता झाल्याची वृत्ते वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली.

येथे ही कथा सुखाने संपावयास हवी होती. तशी ती संपली नाही. विल्किन्स १९६३ साली निवर्तले. त्यांच्या हाताखाली उपचार घेतलेल्या पहिल्या पिढीतील मुली मोठ्या झाल्या. त्यांचे पुढे काय झाले, हे पाहण्याचे काम त्याच जॉन्स हॉपकिन्समधील मुलाइकल, मिजॉन आणि रॉक या डॉक्टरांनी केले आणि १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी एकूण ८० स्त्रियांची माहिती घेतली. त्यांतील निम्म्या मीठ राखू न शकणाऱ्या तीव्र प्रकारातील होत्या, निम्म्या त्याहून सौम्य प्रकारातील. ज्यांना शारीरिक संबंध शक्य होता आणि ज्यांचा तसा संबंध होता, अशांचाच विचार केला असता सौम्य प्रकारातील ६० टक्के स्त्रियांना गर्भधारणा झाली होती. तीव्र प्रकारात मात्र हे प्रमाण होते ७ टक्के.

सात टक्के! हा आकडा पाठ्यपुस्तकांत गेला, तेथून तो डॉक्टरांच्या बोलण्यात आला, आणि डॉक्टरांच्या बोलण्यातून तो दहा-बारा वर्षांच्या मुलींच्या आईबापांच्या कानी पडला. एवढ्या लहान वयात एखाद्या मुलीविषयी घरात असे ठरून गेले म्हणजे पुढे तिच्या शिक्षणापासून लग्नापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्याची छाया पडते. ती स्वतःही मग आशा धरीत नाही.

या संशोधकांनी आकडा चुकीचा मोजला होता, असे मला म्हणावयाचे नाही. त्यांनी प्रामाणिकपणे मोजले, आणि कारणेही सांगितली. पण त्या कारणांकडे नीट पाहिले, तर ती रोगाइतकीच उपचारांचीही असल्याचे ध्यानात येते. पहिले कारण शस्त्रक्रियांचे. या मुलींवर तान्हेपणीच शस्त्रक्रिया केल्या जात. त्या काळच्या पद्धतींनी बाह्य रूप सुधारले, तरी अनेकींना पुढे संबंध वेदनामय किंवा अशक्य झाला. मुलीचे स्वतःचे मत विचारण्याचा प्रश्न त्या वयात नव्हताच; मोठेपणी सोसावे मात्र तिला लागले. दुसरे कारण औषधाचे. कॉर्टिझोनसारखे औषध जास्त झाले तर वाढ खुंटते आणि शरीर स्थूल होते. कमी झाले तर लोंढा पुन्हा सुरू होतो. रोज, वेळेवर, जन्मभर गोळ्या घेण्याचा हा तोल तरुण वयात सांभाळणे सोपे नाही.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे, आणि उपचाराची पुढची दिशा त्यानेच दाखविली. तुंबलेल्या पाटात जी द्रव्ये साचतात, त्यांत प्रोजेस्टेरॉन हेही एक असते. निरोगी स्त्रीच्या शरीरात ते पाळीच्या उत्तरार्धात वाढते आणि पूर्वार्धात अगदी कमी असते. या आजारात अधिवृक्क ग्रंथीतून ते महिनाभर झरत राहते. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गर्भ धारण करण्याजोगे तयार होत नाही आणि गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव दाट राहतो. कुटुंबनियोजनाच्या काही गोळ्या हेच कार्य करतात. म्हणजे या स्त्रिया नकळत, आपल्याच ग्रंथीने दिलेली संततिप्रतिबंधक गोळी रोज घेत होत्या! पुरुषी संप्रेरके आटोक्यात आली की उपचार यशस्वी झाला, असे डॉक्टर समजत. प्रोजेस्टेरॉन कोणी मोजीत नव्हते.

ते मोजावयास सुरुवात झाल्यावर चित्र बदलले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयातील जेरार्ड कॉनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली १०६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूल हवे अशी इच्छा धरून जी स्त्री येई, तिच्या औषधाची मात्रा आणि वेळा ते अशा बेताने जुळवीत, की पाळीच्या पूर्वार्धातील प्रोजेस्टेरॉन अगदी खाली यावे. प्रत्यक्ष प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया होत्या २३. त्यांपैकी २१ जणींना गर्भधारणा झाली. तीव्र प्रकारातील ९ पैकी ८, सौम्य प्रकारातील १४ पैकी १३. शेकडा काढला तर तो ९१ च्या वर जातो; सर्वसाधारण स्त्रियांत तो ९५ च्या आसपास धरला जातो.

संख्या लहान आहे, हे मान्य. उपचार करणारे केंद्रही विशेष जाणकारांचे होते. तरीही बावीस वर्षांपूर्वीच्या सात टक्क्यांशी हे आकडे ताडून पाहिले, म्हणजे तो जुना निकाल या स्त्रियांच्या शरीराविषयीचा अखेरचा शब्द नव्हता, हे मान्य करावेच लागते.

पण याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, आणि मला तो अधिक बोलका वाटतो. १०६ स्त्रियांना मिळून झालेल्या मुलांचा हिशेब केला, तर दर स्त्रीमागे ०.२५ मूल येते. सर्वसाधारण लोकसंख्येत तो आकडा १.८ होता. प्रयत्न केलेल्या जवळजवळ सर्वांना यश आले. मग मुले इतकी थोडी का? कारण प्रयत्न करणाऱ्याच थोड्या होत्या. १०६ पैकी सुमारे पाऊणशे स्त्रियांनी, आणि त्याहूनही काही अधिक जणींनी, मातृत्वाच्या वाटेला जाण्याचा प्रयत्नच केला नव्हता. यांतील काहींना मूल नको असेल. तो त्यांचा अधिकार आहे, आणि स्त्रीच्या आयुष्याचे मोल तिच्या मुलांवरून करू नये, हेही मी येथे आवर्जून सांगतो. काहींना विवाह किंवा सहजीवन नको असेल. काहींना जुन्या शस्त्रक्रियांची भीती असेल. परंतु त्यांत अशाही असणार, की ज्यांना लहानपणीच 'तुला मूल होणे कठीण' असे सांगितले गेले आणि त्यांनी ते खरे मानले. अशांची गणना कोणत्याही तक्त्यात करता येत नाही.

या आजाराचा एक पुष्कळच सौम्य प्रकार आहे. त्यात एन्झाइम पूर्णपणे निकामी झालेले नसते. अनियमित पाळी, चेहऱ्यावरील लव, मुरमे एवढ्यावरच तो थांबतो आणि कित्येकदा ओळखलाही जात नाही. फ्रान्समधील डॉक्टरांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा ९५ स्त्रियांना मूल हवे होते. त्यांपैकी ८५ जणींना मिळून १८७ वेळा गर्भधारणा झाली. यांतील ९९ गर्भधारणा तर रोगाचे निदान होण्यापूर्वीच्या! मात्र हायड्रोकॉर्टिझोन घेत असताना राहिलेल्या गर्भांपैकी ६.५ टक्के गळाले, आणि औषधावाचून राहिलेल्यांपैकी २६.३ टक्के. अशा एका अभ्यासावरून पक्का नियम बांधता येत नाही. परंतु वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत या ग्रंथीकडेही एकदा पाहावे, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

माता होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकीच्या मनात एक भीती असते: माझ्या शरीरातील हा लोंढा पोटातल्या मुलीला तर बाधणार नाही? येथे निसर्गाने आधीच तजवीज करून ठेवली आहे. जिला आपण वार म्हणतो, तीत पुरुषी संप्रेरकांचे स्त्री-संप्रेरकांत रूपांतर करणारे एक एन्झाइम असते. आईच्या रक्तातील पुरुषी संप्रेरके वारेच्या उंबरठ्यावरच निष्प्रभ होतात. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्को येथील डॉक्टरांनी अशा मातांच्या पोटी अगदी निर्दोष मुली जन्मल्याचे नोंदविले. हायड्रोकॉर्टिझोनचेही वार असेच शमन करते. म्हणून गरोदरपणी तेच औषध पसंत करतात, आणि डेक्सामेथाझोन हे वार ओलांडणारे औषध टाळतात. बाळंतपणाच्या वेळी मात्र औषधाची मात्रा वाढवावी लागते, कारण त्या श्रमांना पुरेल इतके कॉर्टिसॉल तिची ग्रंथी देऊ शकत नाही. मुलाला हाच आजार होण्याचा प्रश्न पती वाहक आहे की नाही यावर अवलंबून असतो, आणि ते आज रक्ततपासणीने आधीच कळू शकते.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबाद या पाच केंद्रांत एक लाखाहून अधिक नवजात बालकांच्या टाचेतील रक्ताची तपासणी करविली. २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत दर ५,७६२ बालकांमागे एकास हा आजार आढळला. भारतात दर वर्षी जन्मणाऱ्या बालकांची संख्या ध्यानात घेतली, म्हणजे हा आकडा हजारो घरांपर्यंत पोचतो. ज्या प्रदेशांत टाचेच्या रक्ताची ही तपासणी होत नाही, तेथे या आजाराचे मुलगे बाह्यतः निरोगी दिसत असल्यामुळे निदानावाचूनच दगावतात. मुलींचे वेगळेपण जन्मतः दिसते, म्हणून त्या ओळखल्या जाण्याचा संभव अधिक. परंतु ओळखल्या गेल्यावर त्यांच्या वाट्याला पुष्कळदा लपवाछपवी येते. औषध शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून बाटल्यांवरील चिठ्ठ्या काढल्या जातात. आजार काय आहे हे मुलीला सांगितले जात नाही. आणि 'हिचे पुढे काय होणार' हा प्रश्न तिच्या देखत, तिला वगळून, चर्चिला जातो.

अशा घरात आज माझे हे भाषण कोणी ऐकत असेल, तर त्यांना मला तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. गोळ्या चुकवू नयेत, आणि ताप, वांती किंवा शस्त्रक्रिया यांच्या वेळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मात्रा वाढवावी. जीव यावर अवलंबून आहे. मुलीला तिच्या वयाला समजेल अशा शब्दांत आजार समजावून सांगावा. आणि तिच्या मातृत्वाविषयीचा निकाल घरात कोणी लावू नये. ती मोठी झाल्यावर, तिची इच्छा असेल तेव्हा, जाणकार डॉक्टरांकडे ती स्वतः जाईल आणि विचारील. त्या वेळी तिला १९८७ चा आकडा सांगितला जाऊ नये. २००९ मध्ये त्या तेवीस जणींचे काय झाले, ते सांगितले जावे.

बाल्टिमोरच्या त्या मुलाला काय हवे होते, ते तो आपल्या तोडक्या बोलीत सांगत होता. त्याचे ऐकून त्याला मीठ दिले असते, तर तो कदाचित वाचला असता. विल्किन्स ते विसरले नसावेत. पुढल्या दहा वर्षांत कॉर्टिझोन हाती येताच ते प्रथम याच रोग्यांकडे वळले, आणि त्यांनी उघडलेल्या वाटेनेच लंडनमधील त्या एकवीस स्त्रिया पुढे आल्या.